मामांचा कायमचा पत्ता

माझ्या मामेसासऱ्यांइतक्या घरांत राहिलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, आणि त्यांतल्या एकाही घराचं दार त्यांनी स्वतःचं म्हणून कधी लोटलं नसेल. लोक घरं बदलतात ती बदली झाली म्हणून, भावाशी पटलं नाही म्हणून, शेजारी तबला शिकायला लागला म्हणून. मामांना घर बदलावं लागायचं ते घर पूर्ण झालं म्हणून. मामा ठेकेदार होते. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या भिक्षुकी आणि एक पिढी वकिली झालेली. मामांनी मात्र हाती ओळंबा घेतला. नातेवाईक म्हणत, "वास्तुशांत करायची सोडून हा वास्तूच बांधायला निघाला!" मामा त्यांना उत्तर देत नसत. ते बहुतेक वेळी भिंतीकडे पाहत असत, आणि भिंत सरळ असली तरच समोरच्या माणसाकडे वळत.

त्यांची रीत अशी. घरावर छप्पर चढलं, की दारं-खिडक्या बसायच्या आधीच मामा आपली लोखंडी पेटी, एक बाज आणि भुरभुर आवाज करणारा स्टोव्ह घेऊन त्या घरात राहायला जायचे. मालकाला वाटायचं, माणूस सामानाची राखण करतो आहे. आपला पहारेकऱ्याचा खर्च वाचला. पण मामा राखण करत नसत, संसार करत. एकट्याचा संसार. आज या खोलीत बाज, उद्या त्या खोलीत. स्वयंपाकघरात ते भाकरी थापून पाहत, धूर कुठे जातो ते बघत. न्हाणीत चार घागरी पाणी ओतून उकिडवे बसत आणि ते पाणी मोरीकडे निघालं की भिंतीकडे, याचा तपास करत. माळ्यावर चढून उगाच शिंकत. "राह्यल्याबिगर घर समजत नाई, जावईबापू," ते मला म्हणत. "कागदावर समदीच घरं चांगली असते. माणसाचं बी तसंच. पत्रिका पाहून काय समजते?" मामींचा आणि त्यांचा सहवास अवघा चार वर्षांचा. मूलबाळ नव्हतं. पत्रिकेचं बोलून झालं की मामा लगेच चुन्याविषयी बोलू लागत.

अमरावतीला एका वकिलांची माडी त्यांनी बांधली, तेव्हाची गोष्ट. काम झालं, रंग झाला, वकील मुहूर्त काढून बसले. आणि मामांनी माडीवरची, जिन्यालगतची एक चांगली सरळ भिंत पाडायला काढली. वकीलसाहेब धावत आले. "अहो, काय करता हे? नकाशाप्रमाणे आहे ना भिंत?" मामा म्हणाले, "नकाशापरमाने हाये. पण खाली चुलीपाशी बसलं की वरच्या खोलीतलं समदं ऐकू येते. मी काल गड्याले वर बसवून बोलाले लावलं. तो मलेच शिव्या देऊन राह्यला होता, तेबी समजलं." वकील म्हणाले, "मग बिघडलं कुठं?" "खाली सासू राहणार, वर सून. नऊ इंचाची भिंत पुरत नाई." मामांनी स्वतःच्या खर्चानं ती भिंत दीडपट जाड केली. त्या घरात पुढे तीन सुना नांदल्या. वकिलांनी आयुष्यात पुष्कळ तंटे चालवले, पण आपल्या घरातला एकही त्यांच्या कानावर आला नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी मामा पहाटे उठून झाडलोट करत, दाराला आंब्याचं तोरण स्वतः बांधत, आणि भटजी पुढच्या दारानं आत यायच्या वेळेस पेटी बैलांच्या दमणीत टाकून मागच्या दारानं निघून जात. इतक्या घरांची त्यांनी पायाभरणी केली, पण गृहप्रवेशाचं जेवण एकाही घरचं जेवले नाहीत. माझ्या बायकोनं, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भाचीनं, एकदा विचारलं, "मामा, लोकं इतका आग्रह करते, तर जेवून काहून नाई येत?" मामा म्हणाले, "मालक आला की ठेकेदार पाव्हना होते, पोरी. आन् मले पाव्हनपन जमत नाई. पाटावर बसलो की फरशीचा उतार दिसते."

त्यांची जीभ ही एक स्वतंत्र संस्था होती. आमच्या वऱ्हाडात पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारं पाणी. विहिरीला पाणी लागलं म्हणून गावानं पेढे वाटावेत आणि पहिल्या घोटाला तोंड वाकडं करावं, असा तो बाळापूरपर्यंतचा पट्टा. तसल्या पाण्यात चुना भिजवला की दोन वर्षांत भिंतीला पांढरी बुरशी फुटून गिलावा पापडासारखा सुटतो. म्हणून मामा पाणी पिऊन बघत, तशी वाळूही चिमूटभर तोंडात टाकून चघळत आणि डोळे मिटून निकाल देत. "ही पूर्नेची. परत न्या." किंवा, "हां, वर्धेची. उतरवा." गाडीवाले त्यांच्यापुढे फसवणुकीचा विचारच करत नसत. दुष्परिणाम एवढाच, की आमच्याकडे आमटीत मीठ जास्त पडलं की मामा डोळे मिटून म्हणत, "बाळापूर," आणि बायको पदराआड हसे. मीठ कमी पडलं तर काहीच म्हणत नसत. अळणी वाळू घराला चांगली.

आता ठेकेदार म्हटला की तो कमी खर्च सांगून काम घेणार आणि मग पायरीपायरीनं वाढवणार, हा जगाचा नियम. मामा उलटे. घरबांधणी कापसाच्या भावावर चालते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाव चढला की दिवाणखाना लांबतो, भाव पडला की दगडी जिन्याचा लाकडी होतो आणि पुढे शिडीवर भागतं. मामा सकाळी कापसाच्या बाजारात एक चक्कर मारत, गाड्या बघत, दलालांचे चेहरे बघत, आणि त्यावरून यंदा विटा महागणार की गवंडी रिकामे बसणार ते सांगत. अकोल्याच्या एका दलालाला शेजाऱ्याची दुमजली हवेली सलत होती म्हणून तिमजली बांधायची होती. मामांनी त्याला विचारलं, "पोरी किती लग्नाच्या?" "दोन." "मंग दुसरा मजला एका पोरीचा, तिसरा दुसरीचा. लग्न झाल्यावर उरलं तर या माह्याकडे." दलाल चिडून दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला. त्या वर्षी भाव कोसळला, आणि तिसऱ्या मजल्याच्या भिंती कमरेइतक्या उभ्या राहून थांबल्या. मामा त्या रस्त्यानं जायचे टाळत. "आपलं खरं झालं म्हनून पाहाले जावं काय?" म्हणत. पोटापुरती कामं मिळत आणि मामांचं पोटही बेताचंच होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. सिमेंट, लोखंड, पत्रे सगळ्यांवर नियंत्रण आलं, आणि असं ठरलं की ज्या ठेकेदाराचं नाव सरकारी यादीत असेल, ज्याच्याजवळ लायसन असेल, त्यालाच परवान्यावर माल मिळेल. मामा एक लांबलचक इंग्रजी अर्ज घेऊन माझ्याकडे आले. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. खिळा ठोकायचा म्हटला तर अंगठा आणि खिळा यांत मला आवडनिवड करता येत नाही, पण अर्ज मी झकास लिहितो. नाव लिहिलं, वय लिहिलं, पूर्वीची कामं लिहिली. ती लिहिताना जोडपत्र लागलं. मग आला कायमचा पत्ता.

"कायमचा पत्ता काय लिहू, मामा?"

"लिहा ना. बडनेरा रोड, कॉटन कमिशन एजंटचा बंगला, मागची खोली."

"तिथं किती दिवस आहात?"

"गिलावा वाळला की झालं. दीड महिना."

"मामा, कायमचा पाहिजे."

मामा विचारात पडले. टोपी काढून पुन्हा घातली. "आधीचा लिहा मंग. डाक्तरच्या घराचा."

"तिथं आता डॉक्टर राहतात!"

"हौ, ते राहतेतच," मामा म्हणाले, जणू डॉक्टरांनी ते राहणं थोडं आगाऊपणानं केलं होतं.

बार्शीटाकळीचं वडिलोपार्जित घर भावांच्या वाट्याला गेलेलं. तिथला पत्ता द्यायला मामा तयार नव्हते. चाळीस वर्षं लोकांना पत्ते पुरवलेला माणूस माझ्यासमोर त्या रिकाम्या ओळीकडे बघत बसला होता. ती ओळ भरली नाही तर लायसन नाही, लायसन नाही तर काम नाही, आणि काम नाही तर दीड महिन्यानं बाज टाकायची कुठे, हा हिशेब आम्हां दोघांच्याही ध्यानात एकदमच आला असावा. आतून बायको म्हणाली, "आपल्या घरचा लिहा ना! लिहाले काय लागते?" मी आमचा अंबागेटाच्या आतला पत्ता लिहिला. मामांनी तो मला दोनदा वाचायला लावला.

पण सरकार लिहिलेल्यावर विश्वास ठेवत नाही. पंधरा दिवसांत, जागा पाहायला एक ओव्हरसियर येणार असल्याचं पत्र आलं. तो येईल त्या दिवशी मामांना आमच्याकडे असणं भाग होतं. ते पेटी घेऊन आले आणि ओसरीवर पेटीवरच बसले. ओव्हरसियर तरुण, घामाघूम आणि सभ्य होता. "आपलं ऑफिस?" त्यानं विचारलं. मामांनी बसल्या जागी पेटीवर थाप मारली. "आणि राहण्याची जागा?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हीच." ओव्हरसियरनं लिहून घेतलं, बायकोनं दिलेलं सरबत प्यायला आणि गेला. मामा त्याला कोपऱ्यापर्यंत जाताना बघत राहिले. मग म्हणाले, "सरळ माणूस होता. पन अर्जात पाह्यलं, भिंतीकडे नाई पाह्यलं."

महिन्याभरात लायसन आलं. आणि त्यासोबत काम काही आलं नाही. सिमेंट लष्कराला, लोखंड लष्कराला. ज्यांच्याजवळ पैसा होता ते तो दाबून बसले, कोणी गोठासुद्धा बांधीना. एजंटचा बंगला पूर्ण झाला, तोरण बांधून झालं. उभ्या अमरावतीत मामांना राहायला एकही अर्धवट घर उरलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते पुऱ्या बांधलेल्या घरात, माणसांच्या गलबल्यात, आमच्याकडे राहू लागले.

पहिले दोन दिवस ते इतके अवघडून बसले होते, की घरात आजारी माणूस असल्यासारखं आम्हीच हळू बोलत होतो. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर स्वयंपाकघराच्या भिंतीला भगदाड! मामा आत वाकून म्हणत होते, "धूर कोंडते अथी. तुमच्या वडलांनी धुराडं उलटं ठेवलं." आमचं घर वडिलांनी बांधलेलं, आणि तीस वर्षं आम्ही त्या धुरात रडत जेवत आलो होतो, मला वाटे, आमच्या घरातली माणसं मुळातच हळवी आहेत. धूर सुटला. मग जिन्याच्या पायऱ्या निघाल्या. मग न्हाणीचा उतार. मग ओसरीचा उंबरा. रोज एक काहीतरी उकरलेलं असायचं. मी वर्गात उभा राहिलो की केसांतून चुना गळायचा आणि मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, पांढरे झाले!" घरी येऊन मी चिडचिड करी. "हे संपणार कधी?" बायको म्हणे, "होईल हो." आणि वर मामांना हाक मारून सांगे, "मामा, त्या कोनाड्यात पाल येते जी. पाहून घ्या बरं." मला तिचा राग येई. इथे मी दिवस मोजतोय आणि ही नवी कामं काढते आहे!

मामा मात्र बदलत चालले होते. कामावरच्या माणसानं जेवायला हरकत नाही, म्हणून आमच्या पंक्तीला बसू लागले. बोलू लागले. दुपारी कोनाड्याशी काम करताना काहीतरी गुणगुणत. सूर ओळंब्यात नसे, पण मी पहिल्यांदाच ऐकत होतो. एकदा तर शेजारच्या म्हाताऱ्यांबरोबर ओट्यावर बसून त्यांनी तासभर नुसत्या गप्पा मारल्या. ओटा आपण कसा उतरता केला, यावरच, पण गप्पाच.

एका रविवारी सकाळी मी घरभर फिरलो. धूर नाही, ओल नाही, कुरकुर नाही. घर इतकं नीट मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला खरोखर आनंद झाला, आणि शिक्षकाला आनंद झाला की तो शेरा देतो. मी मोठ्यानं म्हणालो, "मामा, फर्स्ट क्लास! आता या घरात एकसुद्धा काम उरलं नाही!"

मामा थापी धूत होते. "काहीच नाई?"

"काहीच नाही."

"न्हानीचं दार?"

"उत्तम लागतं!"

"बरं," मामा म्हणाले. थापी त्यांनी पुन्हा एकदा धुतली. स्वयंपाकघरातून बायको मला डोळ्यांनी काही खुणावत होती. मला वाटलं, चहा झाला म्हणते आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही उठलो तर ओसरी झाडलेली, बाज उभी करून ठेवलेली, आणि मागच्या दाराला बाहेरून कडी. बायको काही रडली-बिडली नाही. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुमाले काय घाई झाली होती? माह्या मामाले मी तीन महिने कसं धरून ठेवलं, माहं मले ठाऊक." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतक्या वर्षांत वर्गातल्या मठ्ठांना मी जे जे म्हणालो, ते सगळं त्या सकाळी मी मनातल्या मनात स्वतःला म्हणून घेतलं.

पुढल्या हिवाळ्यात कामानिमित्त अकोल्याला गेलो, तेव्हा मामा सापडले. एका कापसाच्या व्यापाऱ्याचं घर लोखंडाअभावी अर्ध्यावर अडकलेलं; त्यात ते राहत होते. खिडक्यांना चौकटी नव्हत्या, अर्ध्या छपराला ताडपत्री. मामांनी मला घर दाखवलं. "हे देवघर. उगवतीले खिडकी. ही बाळंतिणीची खोली, वारा येत नाई. अथी आजोबा बसतीन, रस्ता दिसते." व्यापारी मुंबईला निघून गेला होता आणि घर बांधायचा बेत त्यानं सोडून दिल्याचं अख्खं अकोला जाणत होतं. मामाही जाणत असावेत. आमच्या पावलांचा आवाज त्या रिकाम्या खोल्यांतून फिरून आमच्याकडेच परत येत होता.

स्टोव्हवर चहा झाला. मी म्हणालो, "मामा, घरी चला. भिंतीला ओल आली आहे."

"कोनत्या भिंतीले?"

एवढी तयारी मी केली नव्हती. "सगळ्याच," मी म्हणालो.

मामा हसले. फार गोड हसले. "जावईबापू, समद्या भिंतीले एकदम ओल येत नसते. आन् ते काम म्या केलं हाये."

मी खाली पाहून चहा संपवला. मग जे मला त्या रविवारी सुचायला हवं होतं ते म्हणालो. "काम काही नाही, मामा. नुसतेच या."

"नुसतेच?" मामांनी तो शब्द वाळूसारखा तोंडात घोळवून बघितला. "नुसतं येऊन करू काय?"

"काही करू नका. बसा."

"पाहतो," मामा म्हणाले. त्यांच्या भाषेत पाहतो म्हणजे नाही.

पण ते आले. अक्षय तृतीयेला आले, खुर्चीवर ताठ बसले, टोपी गुडघ्यावर, जसं कचेरीत साहेबाची वाट पाहत बसावं. भिंतींकडे न पाहण्याचा त्यांनी जो प्रयत्न चालवला होता तो बघवत नव्हता. आमरस खाल्ला, पान खाल्लं, आणि दुपारच्या बडनेऱ्याच्या गाडीची वेळ व्हायच्या तासभर आधीच स्टेशनावर गेले. दिवाळीला आले, पुन्हा तसेच. असे ते सगळे मिळून चार वेळा आले. चौथ्यानंतर पुन्हा येणं झालं नाही. पुढल्या उन्हाळ्यात अकोल्याच्या त्याच घरी, चार दिवसांच्या तापात ते गेले.

त्या चौथ्या वेळी जेवण जरा जड झालं होतं. मामा ओसरीवर खुर्चीत बसले, मी वह्या तपासायला घेतल्या. मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. पाहिलं तर मामांची मान एका खांद्यावर कलंडली होती, तोंड थोडं उघडं, टोपी खाली पडलेली. बायको आतून आली. गाडीची वेळ होत आली होती. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं, खाली वाकून टोपी उचलली आणि ती मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसून राहिली. मला या वेळी मात्र तिची खूण बरोबर समजली.

लांब स्टेशनाच्या बाजूला शिट्टी झाली. गाडी गेली. आम्ही दोघंही हललो नाही.